सातव्या चौकटीतली पिल्लं

सोलोंगोचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. उघडच सांगते, लपवून उपयोग नाही, आमच्या दरीतल्या उंटांनासुद्धा ते ठाऊक आहे. सोलोंगो माझी धाकटी जाऊ. माझा नवरा गाल्सन थोरला, तिचा रिन्चिन धाकटा. दोघींची गेरं, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, हाकेच्या अंतरावर आणि विहीर एकच. जावा-जावा आणि उभा दावा म्हणतात, पण दावा मांडायला समोरचीने भांडायला तरी हवं ना! ही भांडतच नाही. मी चार शब्द सुनावले की "बरं, जाऊबाई" म्हणते आणि चहाची किटली पुढे करते.

तिने वाळत घातलेला चक्का कधी तडकत नाही. माझा तडकतो. आमची पांढरी उंटीण माझ्याकडून धार काढून घेताना मागचा पाय झाडते, आणि सोलोंगोचा हात लागला की डोळे मिटून उभी राहते, सासरी आलेल्या नव्या नवरीसारखी. एकदा आमचे हे तिच्याकडे चहा पिऊन आले आणि म्हणाले, "मीठ कसं बेताचं असतं हिच्या हातचं!" त्यानंतर महिनाभर मी यांना बिनमिठाचा चहा दिला. कारण विचारलं नाही, प्यायले बिचारे.

पण मोजणी माझी होती. तिथे सोलोंगोचं काही चालत नव्हतं.

डोंगरामागच्या कोरड्या ओढ्यात मुंख-खरगना उगवतं. कधी न वाळणारं झुडूप. बर्फ पडो नाहीतर वाळूचं वादळ येवो, ते आपलं हिरवंच. जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी राजधानीहून तुंगलगबाई आल्या. त्या झाडापाल्याचं शिकलेल्या. त्यांनी ओढ्याच्या काठाने बारा चौकटी आखल्या, प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी खुंट्या ठोकल्या. उन्हाळ्यातला असेल-नसेल तो पाऊस पडून गेला, की गुडघ्यांवर रांगत चौकटीतली पिल्लं मोजायची. पिल्लं म्हणजे त्या झुडपाची रोपं, बोटाएवढी, खड्यांच्याच रंगाची, खड्यांच्याच आडोशाला बसलेली. मोठी झुडपं कुणीही मोजेल हो. पिल्लू दिसायला नजर लागते, आणि त्या नजरेसाठी बाईंनी सगळ्या दरीतून मला निवडलं होतं. लग्नाकार्यात लोक मला "झुडपांची दोलगोर" म्हणायचे. मी "काहीतरीच काय" म्हणायचे, आणि आणखी कोणी म्हणतंय का ते बघायचे.

तीन वर्षांपूर्वी बाईंनी नवं खूळ काढलं. एकाच चौकटीत दोघींनी मोजायचं, आधी एक, मग दुसरी. एकमेकींना आकडा सांगायचा नाही. कागदावर लिहायचा, घडी करून पत्र्याच्या डब्यात टाकायचा. दोन आकडे ताडून पाहिले की नजरेतून किती सुटतं ते कळतं म्हणे. आणि दुसरी कोण? सोलोंगो! दरीत दुसरी बाईच नव्हती जशी.

यंदा उन्हाळ्यात बाईंचा निरोप आला. तीन वर्षं पुरे झाली, आता पुढल्या वर्षापासून मोजणारी एकच ठेवायची. जिची नजर खरी, ती. मोजणी संपली की बाई स्वतः येणार, सगळ्यांसमोर डबा उघडणार आणि नाव सांगणार. निरोप ऐकून मी दोन दिवस धड जेवले नाही.

त्याला कारण होतं. दोन-तीन वर्षांपासून मला जवळचं नीट दिसत नाही. समोरच्या डोंगरावरचा उंट कुणाचा ते मी अजून सांगेन, पण नाकासमोरचं सगळं धूसर. सुईत दोरा ओवायचा तर हात लांब धरायचा आणि अंदाजाने खुपसायचा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. शिवायला बसायची वेळ आली की माझं डोकं दुखायचं.

मोजायची माझी रीत माझ्या आईची. ती शेळ्या मोजायची तशी. एक पिल्लू दिसलं की एक खडा उचलून डगल्याच्या छातीच्या घडीत टाकायचा. चौकट संपली की खडे मोजायचे आणि आकडा लिहायचा. मोजलेले खडे भिरकावून द्यायचे नसतात, ज्या जागेचे त्या जागेला द्यायचे. म्हणून मी पहिल्या खुंटीपाशी त्यांची छोटीशी रास रचते. पुढच्या वर्षी ती उचलून टेकडीवरच्या देवाच्या मोठ्या राशीला वाहते आणि खाली नवी रचते. बाईंनी आकडा सांगू नका म्हटलं होतं, आणि मी तो तोंडातून कधी काढला नाही. खडे कुठे बोलतात?

थोरली म्हणून आधी मी मोजायचे. सोलोंगो मागाहून, दुसऱ्या दिवशी.

यंदा चौथी चौकट मोजून झाल्यावर माझ्याने राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली तशी दुर्बीण घेतली आणि टेकाडावर जाऊन पालथी पडले. दुर्बीण आमच्याकडे घरोघरी असते, चुकलेली जनावरं शोधायला. मी जाऊ शोधत होते.

आमचे हे मोटरसायकल ढकलत मागून आले. "काय बघतेयस एवढं?"

"शेळ्या."

"शेळ्या या बाजूला आहेत."

"मग त्या बाजूला जाऊन तुम्ही बघा!"

गेले. मी पुन्हा डोळा लावला. सोलोंगो चौकटीत रांगत होती. थांबायची, वाकायची, पुढे सरकायची. जिथे मला नुसती रेती दिसली होती तिथेही ती वाकत होती. माझी त्या चौकटीत बावीस पिल्लं झाली होती. ही बाई तिसाव्यांदा वाकली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, नाटक करतेय. कुणी लांबून बघत असेल म्हणून नाटक.

आणि मग तिने जे केलं ते बघून मी ताडकन उठूनच बसले. चौकट संपवून ती पहिल्या खुंटीपाशी गेली, उकिडवी बसली, आणि माझी रास बोटाने एकेक खडा बाजूला करत मोजली. पुन्हा होती तशी रचली. मग कागद काढून लिहिलं.

अगं चोरटे! म्हणजे हे असं होतं. माझा आकडा बघायचा, त्याच्यावर दोन-चार चढवायचे आणि बाईंपुढे शहाणी म्हणून मिरवायचं. तीन वर्षं! मला इतका राग आला, आणि खरं सांगू का, इतका आनंदही झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं काहीतरी वाईट माझ्या हाती लागलं होतं.

मी भांडायला गेले नाही. म्हटलं, चोराला चोराच्याच वाटेने धरू. सातव्या चौकटीत मला एकोणीस पिल्लं दिसली. कागदावर मी एकोणीस लिहिले. रास मात्र पाचच खड्यांची रचली, आणि उरलेले चौदा खडे उराशी घेऊन घरी आले. जागेचे खडे असे न्यायचे नसतात, मनाला टोचलं, पण म्हटलं एकदाच. आता ती पाच बघणार, सहा नाहीतर सात लिहिणार. बाई डबा उघडणार, माझे एकोणीस, तिचे सहा. चारचौघांत विचारते की नाही बघ, सहा कुठून आणलेस गं? वाटेत मी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी सोलोंगो सातवी चौकट करून आली ती डोळे लाल करून. माझ्या दारात उभी राहिली.

"जाऊबाई, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, सहजच विचारलं." वाडगाभर ताजी साय ठेवली आणि निघून गेली. संध्याकाळी बघते तर माझ्या शिवणाच्या फडक्यात पाच सुया टोचलेल्या, पाचही दोरा ओवून. आली कधी, बसली कधी, मला पत्ता नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात येऊन मला कामसूपणा दाखवते! सगळे दोरे मी ओढून काढले.

आठ दिवसांनी बाईंची जीप आली. बैठक माझ्या गेरमध्ये. आमचे हे, रिन्चिन, बाई मधोमध, आणि सोलोंगो कडेला चहा ओतत. मी नवा डगला घातला होता. बाईंनी डबा उघडला, कागद जोड्या लावून मांडले आणि वाचायला लागल्या.

"पहिली चौकट. दोलगोरताई सव्वीस, सोलोंगो पंचवीस. दुसरी, सतरा आणि सोळा. तिसरी, एकतीस आणि तीस. चौथी, बावीस आणि एकवीस." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सोलोंगो, तुझं हे असंच. तिन्ही वर्षं बघते, ताईंना दिसतं त्यापेक्षा एक कमी, फार तर दोन. कधी म्हणून जास्त नाही."

मला काही समजेना. चढवलेलं कुठे होतं? पाचवी, सहावी, तेच. आणि मग बाई थांबल्या.

"सातवी. ताई एकोणीस, सोलोंगो... चार?" त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "अगं, चार? डोळे मिटून रांगलीस की काय?"

आमचे हे हसले. रिन्चिनचे कान लाल झाले. सोलोंगोने खाली बघत माझा पेला भरला.

"मग ठरलंच," बाई म्हणाल्या. "पुढल्या वर्षापासून दोलगोरताई." वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी ठळक अक्षरांत माझं नाव लिहिलं. "वाईट एवढंच, की तीन वर्षांत पिल्लं निम्म्यावर आलीत. हे असंच चाललं तर ही दरी राखण्यात अर्थ नाही असं वरचे म्हणतील. पण सातवी सोडली तर बाकीच्या अकरा चौकटींत दोघींचे आकडे इतके जुळतात म्हटल्यावर शंकेला जागा नाही."

मी शेवटचं काही ऐकलंच नाही. माझं नाव पुठ्ठ्यावर होतं. आणि मी, दळभद्री, तेवढ्यावर थांबले नाही. म्हटलं, "चहात मीठ बेताचं टाकता आलं म्हणजे नजर येत नसते हो. कुणाकुणाला वाटतं तसं."

"बरं, जाऊबाई," म्हणत सोलोंगो उठली आणि बादली घेऊन धार काढायला गेली.

मी चहाचा घोट घेतला आणि तो आकडा माझ्या डोक्यात येऊन बसला. चार. सहा नाही, सात नाही. पाचसुद्धा नाही. पाच बघून चार. चोरी करणारी बाई कमी कशाला चोरेल? पेला तसाच ठेवून मी बाहेर गेले.

ती पांढऱ्या उंटिणीखाली एका गुडघ्यावर बादली तोलून उभी होती.

"चार का लिहिलंस?"

"तेवढीच दिसली, जाऊबाई."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. रास पाचाची होती. मोजलीस ना? मी टेकाडावरून बघते सगळं."

तिचे हात थांबले. उंटिणीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मोजली," ती म्हणाली. "पाचच खडे बघून मी तिथे बसून रडले. म्हटलं, यांचे डोळे पारच गेले. खरा आकडा लिहिला तर बाई चारचौघांत काय म्हणतील तुम्हाला?"

"खरा किती होता?"

ती पुन्हा धार काढायला लागली.

"किती गं?"

"चौतीस."

"आणि चौथीत?"

"एकेचाळीस."

चौथीत माझे बावीस होते. मी बादलीच्या कडेला हात टेकला. "हे तू तीन वर्षं करतेयस?"

"लग्न होऊन येताना आईने सांगितलं होतं, थोरल्या जावेच्या बादलीपेक्षा आपली बादली भरलेली दिसू देऊ नकोस. धार काढताना मी नेहमी थोडं वासरांना सोडते, मग बादली उचलते. मला वाटलं, हेही तसंच." मग हळूच म्हणाली, "आणि लोक तुम्हाला झुडपांची दोलगोर म्हणतात तेव्हा तुम्ही दिवसभर रागवत नाही."

तिने चोरी केली असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या आणि त्या रात्री गाढ झोपले असते. हिने तर मला भीक वाढली होती! चक्का तिचा चांगला, चहा तिचा चांगला, नजर तिची चांगली, आणि आता चांगुलपणाही तिचाच! माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलंय का या बयेने? मी खड्डा खणला तो तिच्यासाठी, आणि ती त्यात उतरली ती माझी लाज झाकायला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"मी मागितलं होतं तुझ्याकडे?" मी ओरडले.

"नाही."

"मग दिलंस कशाला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रडतानाही ती माझ्यापेक्षा बरी दिसत होती.

गप्प राहणं सोपं होतं. तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं, हे मला उन्हाइतकं स्पष्ट दिसत होतं. पुठ्ठ्यावर माझं नाव राहिलं असतं. मी दर वर्षी धुळीत रांगले असते, बाईंनी लिहून घेतलं असतं, आणि ही आपल्या दारात उभी राहून माझी कीव करत राहिली असती. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी काही देवमाणूस नाही. झुडपांसाठी नाही, दरीसाठी नाही, तिची भीक नको म्हणून मी आत गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं, खड्यांचं सांगितलं, पाचाच्या राशीचंही सांगितलं. आमचे हे तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होते.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे पिल्लं कमी झालीच नाहीत? तुमची नजर कमी होत गेली, आणि ही तुमच्या मागे मागे आकडा उतरवत गेली? आणि मी राजधानीत लिहून पाठवलं की झुडूप मरतंय?" त्यांनी वही आपटली. "तीन वर्षं! दोघींनी मिळून माझं वाटोळं केलंत!"

"ओरडायचं तर मला ओरडा," मी म्हटलं. कोपऱ्यात उभ्या सोलोंगोला कुणी बोललेलं मला का चालेना, कोण जाणे.

बाई उठल्या. "चला. सातवी चौकट. आत्ताच्या आत्ता. सोलोंगो पहिली रांगेल, आणि मोठ्याने मोजेल."

"पण थोरली आधी..." यांनी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा हो," मी म्हटलं.

ओढ्यात ऊन तिरपं आलं होतं. सगळे खुंट्यांच्या बाहेर उभे राहिले, मी पहिल्या खुंटीपाशी. बाई पेन्सिल घेऊन माझ्या शेजारी. सोलोंगो गुडघ्यांवर बसली. "एक," म्हणाली आणि बोट टेकवलं. "दोन. तीन." मी तिच्या बोटाकडे बघत होते. काही पिल्लं मला ओळखीची होती, मोठ्या दगडाजवळची, सुकलेल्या फांदीखालची. काही ठिकाणी तिचं बोट टेकायचं आणि मला नुसती रेती दिसायची. ती मोजत गेली, पंधरा, सोळा, सतरा. चौकट अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती.

"एकोणीस," ती म्हणाली आणि थांबली.

टाचांवर बसली. हात मांडीवर घेतले. माझ्याकडे पाहिलं.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"बहुतेक..." सोलोंगो म्हणाली, आणि उठायला गुडघा उचलला.

अजूनही! सगळं उघडं पडल्यावरही ती माझ्या आकड्यावर येऊन थांबली होती. मी फक्त गप्प राहायचं होतं.

"उठतेस कुठं?" मी ओरडले. तिच्यापुढच्या मोकळ्या रेतीकडे मी हात केला. मला तिथे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. "ते काय तुझ्या पुढ्यात! ते कोण मोजणार, तुझी आई?"

तिने खाली पाहिलं. मग बोट टेकवलं. "वीस."

बाईंनी एकवार माझ्याकडे बघितलं, वहीच्या पुठ्ठ्यावरचं माझं नाव खोडलं आणि खाली तिचं लिहिलं.

"एकवीस," सोलोंगो म्हणाली, आणि आता तिचा आवाज मोकळा होत गेला. चौतीसपर्यंत मी तिथे उभी राहून ऐकलं. माझ्या मोजणीतून सुटलेली पंधरा पिल्लं होती माझ्या डोळ्यांदेखत, आणि आताही मला त्यातलं एकही दिसलं नाही.